हाताचं वळण: मातीकामात स्वतःची शैली कशी सापडते? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझ्याकडे मातीकाम शिकायला येणारे, शिकून गेलेले आणि कधी भेटही न झालेले लोक गेली कित्येक वर्षं मला प्रश्न पाठवतात. त्यांतले शैलीबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. सगळं सलग वाचायची गरज नाही. दोन प्रश्नांचा धागा एकच असेल तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे.

१. शैली म्हणजे नेमकं काय? माझी स्वतःची आहे की नाही, हे मला कसं कळणार?

शाळेत सगळ्यांनी एकच अक्षर गिरवलेलं असतं, तरी दहावीपर्यंत प्रत्येकाच्या अक्षराला वेगळं वळण येतं. पाकिटावरचा पत्ता पाहून पत्र कोणाचं ते आपण फोडायच्या आधी ओळखतो. भांड्याची शैली म्हणजे हेच वळण. मराठीत पणती वळतात, लाडू वळतात आणि अक्षरालाही वळण असतं. एकच शब्द तिन्हीकडे चालतो, हे मला फार नेमकं वाटतं.

नवीन मंडळी शैली रंगात आणि नक्षीत शोधतात. मी आधी तीन जागा पाहते: काठ, बूड, आणि जिथे कान किंवा तोटी जोडली आहे तो सांधा. या तीन ठिकाणी हात खोटं बोलत नाही. एक साधी परीक्षा करा. तुमचे पाच वाडगे आणि इतरांचे दहा, सगळे एकाच रंगाचे किंवा बिनग्लेझचे (ग्लेझ म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर), टेबलावर उपडे मांडा. तुमचं काम ओळखीचं असलेल्या कुणाला तरी तुमचे पाच वेचायला सांगा. चार जरी बरोबर निघाले, तरी वळण यायला लागलं आहे असं समजा.

२. चाक शिकून सहाच महिने झालेत. आत्तापासून शैलीचा विचार करू का?

करू नका, पण नोंद ठेवा. ज्याला पातळ भिंत काढताच येत नाही, त्याची जाड भिंत ही निवड नसते. आधी माती नीट मळणं, गोळा मधोमध बसवणं आणि भिंत खालपासून वरपर्यंत सारखी उचलणं, एवढ्यावर हात बसू द्या.

मात्र दर महिन्याचं एक भांडं जपून ठेवा, बुडावर तारीख टाकून. ते सगळ्यात चांगलं असायला हवं असं नाही. दोन वर्षांनी ही चोवीस भांडी एका फळीवर आली की पुढचा अर्धा रस्ता तीच दाखवतात. पहिल्या वर्षाचं सगळं काम लाजेने फोडून टाकणारे पुष्कळ पाहिलेत. त्यांतल्या प्रत्येकाला पुढे त्याची हळहळ वाटली.

३. दुसऱ्याच्या कामाची नक्कल करणं चूक आहे का?

शिकण्यासाठी केलेली नक्कल म्हणजे गिरवणं, आणि गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही. मात्र फोटोवरून गिरवू नका. फोटोत वजन नसतं, भिंतीची जाडी नसते, बूड तर दिसतच नाही. शक्य असेल तर खरं भांडं हातात घ्या, तोला, आतून बोट फिरवा, मग करा.

यातला खरा उपयोग पुढच्या पायरीत आहे. ते भांडं आठवडाभर कपाटात ठेवून द्या आणि आठवणीने पुन्हा करा. मग दोन्ही शेजारी मांडा. तुमच्या हाताने जे परस्पर बदललं, म्हणजे गळा थोडा आखूड झाला किंवा पोट खाली सरकलं, ते तुमचं आहे. ते वहीत लिहून ठेवा. गिरवलेलं भांडं स्वतःचा ठसा मारून विकू मात्र नये. जिवंत कुंभाराचं काम असेल तर मुळीच नाही.

४. एकच आकार पुन्हा पुन्हा करा असं सगळे सांगतात. कोणता, किती आणि कसा?

वाडगा, शंभर. वाडग्याला लपायला जागा नसते, म्हणून वाडगा.

४०० ग्रॅमचे गोळे तराजूवर तोलून घ्या. वजन बदलत राहिलं तर फरक हाताने पडला की मातीने, हे कळत नाही. एका बैठकीत दहा करा. दर दहातले दोन ओले असतानाच तारेने उभे चिरा. चिरलेल्या भिंतीत सगळं उघड होतं: बुडाच्या कोपऱ्यात किती माती अडकून राहिली, पोटाशी भिंत कुठे दबली, काठापर्यंत किती पोचली. दोन वाडगे गेल्याचं वाईट वाटतं, पण उरलेल्या आठांपेक्षा ते जास्त शिकवतात. बहुतेक जण तिसाव्या वाडग्याच्या आसपास कंटाळतात आणि नक्षी काढायला लागतात. तेवढं थांबा. कंटाळा आला की हात विचार न करता चालायला लागतो, आणि आपल्याला तोच हात पाहायचा आहे.

शंभर झाले की न चिरलेले सगळे ओळीने मांडा. जे सात-आठ परत परत उचलावेसे वाटतात ते वेगळे काढा. त्यांच्यात काय सारखं आहे ते शब्दांत लिहा. ‘छान’ लिहू नका. ‘काठ किंचित आत झुकलेला’, ‘बैठक लहान’, ‘पोट अगदी खाली’ असं लिहा. पुढच्या शंभरात तेच मुद्दाम करा.

माझा अनुभव सांगते. मी पहिल्यांदा शिकले ते माठ घडवणाऱ्या एका कुंभारकाकांकडे. माठाचा काठ आणि गळा चाकावर होतो, पोट मात्र नंतर आतून दगडी गोटा लावून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत वाढवतात. पोट फुगत जातं, भिंत पातळ होत जाते, काठ मात्र चाकावर झाला तसाच जाड राहतो. तो तसाच हवा, कारण भरलेला माठ कलता करताना माणसाची बोटं तिथेच अडकतात. पुढे मी एका शहरी स्टुडिओत गेले, तर माझ्या कपांचे काठ जाड येत. मला ते गावठी दिसतात असं सांगण्यात आलं. चार वर्षं मी ते काठ पातळ करत राहिले. शंभर वाडग्यांची ओळ मांडली तेव्हा मी वेगळे काढलेले आठही जाड काठाचे निघाले. मग मी एकच बदल केला. बाहेरची गोलाई तशीच ठेवली आणि आतली कड नखाएवढी उतरती केली, म्हणजे चहा ओठाला नीट लागतो. आज माझा कप लोक ओळखतात तो त्या काठावरून.

५. माझ्याकडे विकतची माती आणि छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे. सगळ्यांचं काम सारखंच दिसतं. यात वेगळेपण कुठून आणू?

लूसी री या कुंभार स्त्रीचं उदाहरण मी प्रत्येक वेळी देते. १९३८मध्ये ती व्हिएन्ना सोडून लंडनला आली. युद्धाच्या काळात पोटासाठी मातीची बटणं केली. त्या काळी इंग्लंडमध्ये जाडजूड, जपानी वळणाच्या भांड्यांचा दबदबा होता आणि तिची पातळ, नाजूक भांडी हलकी ठरवली जात होती. काही काळ तिने तशी जाड भांडी करूनही पाहिली. मग ती स्वतःच्या वळणावर परतली. शहरातल्या घरात, इलेक्ट्रिक भट्टीत, कच्च्या भांड्यावरच ब्रशने ग्लेझ लावून एकदाच भाजायची. कच्च्यावर ग्लेझ लावताना ओलाव्याने भांडं ढासळू शकतं, म्हणून हात हलका आणि नेमका लागतो. तिच्या भांड्यांवरच्या सुईने कोरलेल्या बारीक रेघा आणि काठावरून ओघळणारा मँगनीजचा तपकिरी रंग आजही लांबून ओळखू येतात. तिची अडचण आणि तिची शैली वेगळी काढता येत नाही.

मातीबद्दल सांगायचं तर विकतच्या मातीतही ढवळाढवळ करता येते. वाळू किंवा भाजलेल्या मातीचा भरडा घाला, पोत बदलतो. आपल्या गावची माती आणून पाहा. आपल्याकडची बरीचशी लाल माती १००० अंश सेल्सिअसच्या आसपास छान भाजते, पण स्टोनवेअरच्या (म्हणजे जास्त तापवून दगडासारख्या घट्ट केलेल्या भांड्यांच्या) १२०० अंशांपुढे फुगते, बसते किंवा वितळते. म्हणून ती भांड्यासाठी नाही, तर स्लिप (पातळ मातीचा लेप) म्हणून किंवा ग्लेझमध्ये वापरा. काळी माती सुकताना फार आकसते आणि तडकते, ती अगदी थोडी घ्या. पहिल्यांदा कुठलीही अनोळखी माती जुन्या भाजलेल्या वाटीत ठेवूनच भट्टीत घाला, नाहीतर वितळून भट्टीची फळी जाईल.

६. स्वतःचं ग्लेझ तयार करायलाच हवं का?

हवंच असं नाही, पण एका ग्लेझशी पक्की ओळख हवी. वीस डबे आणून वीस रंग लावणाऱ्याचं काम वीस जणांचं दिसतं.

एकच पायाभूत ग्लेझ घ्या आणि त्यात एकच घटक ० ते १०० टक्के, दहा-दहाने वाढवत जा. अकरा तुकडे होतात. तुकडे सपाट नकोत. उभे, काठ असलेले, थोडी रेघ कोरलेले असू द्या, कारण ग्लेझ कडेवर पातळ होतं आणि खळग्यात साठतं. तिथेच त्याचा स्वभाव कळतो. मी तीन वर्षं उसाच्या चिपाडांची राख वापरतेय. तिच्यात सिलिकाचं प्रमाण भरपूर असतं, म्हणून ती एकटी वितळत नाही, फेल्डस्पार आणि खडूची भुकटी सोबत लागते. राख धुताना हातमोजे घाला, कारण पाणी तीव्र अल्कली होतं. चाळताना मास्क लावाच. माझ्या ग्लेझचा करडा-हिरवा रंग त्या राखेतून येतो आणि दर हंगामात थोडा बदलतो. मला तो बदल हवाहवासा वाटतो.

खाण्यापिण्याच्या भांड्यांना आतून तांबं किंवा मँगनीज जास्त असलेलं मॅट ग्लेझ लावू नका. लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहा. सकाळी डाग पडला किंवा रंग उतरला, तर ते भांडं फुलांसाठी ठेवा. डाग पडला नाही म्हणून ग्लेझ पूर्ण सुरक्षित ठरतं असंही नाही. विकायचं असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

७. इन्स्टाग्रामवर रोज इतकं सुंदर काम दिसतं की माझं काही सुचतच नाही. काय करू?

शंभर वाडग्यांचं काम चालू असेल तेवढे दिवस पाहणं बंद ठेवा. हा उपाय करून पाहिलेल्या कुणीही पस्तावल्याचं मी ऐकलेलं नाही. प्रेरणा हवी असेल तर स्वयंपाकघरात जा: तांब्याचा गळा, पाट्याची कड, उखळीचं तोंड, जुन्या पितळी वाटीची बैठक. ही सगळी वापरून वापरून ठरलेली वळणं आहेत.

८. माझं काम माझ्या गुरूंसारखंच दिसतं. लोक तोंडावर सांगतात. यातून सुटायचं कसं?

आधी हे ध्यानात घ्या की यात कमीपणा नाही. आपल्याकडे गाण्यात घराणं असतं. शिष्याच्या गळ्यात वर्षानुवर्षं गुरूचीच तान येते, आणि ती पक्की झाल्याशिवाय स्वतःची जागा सापडत नाही. घाईने तोडून काढलेली शैली आधार नसलेली निघते.

तरीही सुटायचं असेल तर गुरूंनी कधीच न केलेली वस्तू निवडा. ते चहाचे कप करत असतील तर तुम्ही लोणच्याच्या बरण्या करा. बरणीचं झाकण कसं बसावं हे तुम्हाला कुणी दाखवलेलं नाही, ते तुम्हालाच सोडवावं लागेल. तिथे तुमचा हात एकटा पडेल, आणि मग तो काय करतो ते पाहा. सोबत प्रश्न ३मधली आठवणीने करण्याची पद्धत वापरा.

९. मी भांड्यांवर वारली चित्रं काढते. ही माझी शैली म्हणता येईल का?

नाही, असं मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं. वारली चित्रकला एका समाजाची आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. लग्नाचा चौक, पालघाट देवी, तारप्याभोवतीचा फेर या सगळ्याला तिथे अर्थ आहे. त्रिकोणी माणसं काढून कप विकताना तो अर्थ मागे राहून जातो. तुम्ही त्या समाजातल्या असाल तर गोष्ट वेगळी, मग प्रश्न १० वाचा. नसाल आणि ती चित्रं मनापासून आवडत असतील, तर वारली कलाकारासोबत काम करा. भांडं तुमचं, चित्र त्यांचं, दोघांची नावं आणि पैशांचा रास्त वाटा.

त्या चित्रांतून मात्र एक गोष्ट खुशाल शिका. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढ्या दोन रंगांत अख्खं जग मांडता येतं. ही मर्यादा स्वतःच्या कामाला लावून पाहा.

१०. आम्ही पिढीजात कुंभार. माठ, पणत्या, संक्रांतीची सुगडं, हेच आमचं काम. शैली वगैरे आमच्यासाठी आहे का?

हा प्रश्न एका तरुण मुलाने पाठवला होता आणि मला तो या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

तुमच्याकडे जे आहे त्यासाठी शहरातले लोक हजारो रुपये भरून वर्ग लावतात. दिवसाला शेकडो सुगडं वळणाऱ्या हाताला प्रश्न ४मधला व्यायाम सांगायचीही गरज नाही. तो तुमचा लहानपणीच झालेला आहे. घराचं वळण तुमच्यात आहेच. आता त्यात तुमचं स्वतःचं किती, एवढाच शोध उरतो. ब्रह्मदेव राम पंडित बिहारमधल्या कुंभार घरातले. मुंबईजवळ भाईंदरला त्यांनी स्टोनवेअरचं काम उभं केलं आणि २०१३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घरचं चाक आणि नवी भट्टी यांचं भांडण नसतं.

करता येईल असं सांगते. आव्यातला एक कोपरा दर वेळी स्वतःसाठी राखून ठेवा, पाच-सहा नगांपुरता. त्यात मागणी नसलेली गोष्ट करा. माठाचाच आकार घ्या आणि तो मुठीत मावेल एवढा करा, किंवा सुगडाचा गळा लांबवा. काव लावायची की नाही, धुराने काळं करायचं की लाल ठेवायचं, हे एकदा तुमच्या मनाने ठरवा. आणि किंमत सांगताना अडखळू नका. तुमच्या वेळेचा हिशेब त्यात धरा.

गोरोबाकाकांची गोष्ट तुमच्या घरात सांगितली जातच असेल. थापटणं मारून मडकं कच्चं की पक्कं हे ते ओळखत. तुम्हीही आवाजावरून तडा ओळखता. तडा गेलेलं मडकं बद्द वाजतं, पक्कं खणखणतं. तो कान हीसुद्धा शैलीचीच सामग्री आहे, आणि ती कुठल्याही वर्गात मिळत नाही.

११. मी परदेशात राहते. माझ्या कामात महाराष्ट्र दिसायला हवा असं वाटतं, पण पैठणीचा मोर काढला की खोटं वाटतं. मग काय करावं?

खोटं वाटतंय म्हणजे तुमची नजर चांगली आहे. चित्र सोडा, माप पकडा. आमटीची वाटी किती खोल हवी, कालवलेला वरणभात हाताने खाताना ताटाची कड केवढी उंच लागते, ताकाचा पेला किती जाड असला की गार राहतो, हे तुमच्या हाताला माहीत आहे. तिथल्या मातीत तुमच्या जेवणाचं माप उतरवा.

जुनं पाहायचंच असेल तर पुण्याला याल तेव्हा डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय पाहा. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून नाव पडलेली मृद्भांडी साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातली आहेत. लाल अंगावर काळ्या रंगाच्या भौमितिक रेघा, अंगाला ठसठशीत कोन, आणि पसरट तोंडाच्या भांड्याला बाजूने निघालेली नळीसारखी तोटी. कुणाचीही सही नाही, तरी जोर्व्याचं भांडं शंभरांत ओळखू येतं. मी त्या तोटीची वही भरून रेखाटनं केली होती. ती पोटातून नेमकी कुठे निघते, हे सहज सुचणारं नाही.

१२. भांड्यावर सही करावी की ठसा मारावा?

दोन्ही चालतं. भांडं अर्धवट सुकून चामड्यासारखं झालं की बुडाजवळ ठसा मारा. फार ओलं असेल तर बूड वाकतं, फार सुकं असेल तर तडकतं. जपानचे कुंभार शोजी हमादा बहुतेक भांड्यांवर सही करत नसत. आपल्यासारख्यांनी मात्र ठसा आणि वर्ष टाकावं, पुढे स्वतःलाच क्रम लावता येतो.

१३. एका प्रकारच्या कामाला चांगली मागणी आली. आता तेच करून जीव उबला आहे, पण बदललं तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटते.

प्रश्न १२मधल्या हमादांनीच १९२४मध्ये जपानमधल्या माशिको गावात बस्तान बसवलं आणि ओकिनावात पाहिलेल्या उसाच्या कांडीवरून घेतलेलं एक चित्र ते अनेक दशकं भांड्यांवर काढत राहिले. चार-पाच फटकारे, बस. तरी त्यांचं काम शिळं झालं नाही, कारण प्रत्येक वेळी ते चित्र नव्याने काढलं जाई. म्हणून पहिली तपासणी ही करा: कंटाळा वस्तूचा आलाय की ती न पाहता उरकण्याचा?

वस्तूचाच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. ग्लेझ तेच ठेवून आकार बदला, किंवा आकार तोच ठेवून माती बदला. गिऱ्हाइकाला ओळखीचं काहीतरी हातात राहतं. मी चारांतली एक भट्टी फक्त स्वतःसाठी लावते, आणि तिच्यातलं काही वर्षभर विकायला काढत नाही.

१४. मला दोन अगदी वेगळ्या प्रकारची कामं आवडतात. दोन शैली असू शकतात का?

असू शकतात. पण प्रश्न १मधली परीक्षा दोन्हींवर एकत्र करा. बहुतेक वेळा बूड आणि काठ सारखेच निघतात, वेगळा असतो तो फक्त वरचा पोशाख.

१५. माझ्या कामाची कुणीतरी हुबेहूब नक्कल करून विकतंय. काही करता येतं का?

एखादा विशिष्ट आकार किंवा नक्षी डिझाइन कायदा, २०००खाली नोंदवता येते. संरक्षण आधी १० वर्षं आणि नंतर वाढवून आणखी ५ वर्षं मिळतं. पण अट अशी की अर्ज करण्याआधी ती कुठे प्रसिद्ध झालेली नसावी. फोटो टाकून झाले असतील तर वाट बहुधा बंद असते. ‘एकूण वळण’ नोंदवता येत नाही. नक्कल करणारा ओळखीतला असेल तर थेट फोन करून बोला. मी एकदा बोलले, आणि समोरच्या मुलीने प्रामाणिकपणे माल मागे घेतला. तिला प्रश्न ३मधला फरक कुणी सांगितलेलाच नव्हता.

१६. मनगटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी चाक बंद करायला सांगितलं. माझी सगळी शैली चाकावरची होती. आता?

तुम्ही लिहिलंत त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून उत्तर सावकाश देते आहे.

मनगटाला आराम द्या, डॉक्टर हो म्हणेपर्यंत मातीला हात लावू नका. त्यानंतर मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून हाताने घडवायला सुरुवात करा, मऊ मातीने आणि लहान आकाराने. केनियात जन्मलेल्या मॅग्डलीन ओडुंडो चाकाशिवाय हातानेच भांडी उभारतात, घोटून घोटून चकाकी आणतात, ग्लेझ लावतच नाहीत, आणि धुराविना भाजून लाल, तर धुरात भाजून काळा रंग काढतात. त्यांच्या भांड्यांचा गळा इतका जिवंत असतो की मान वळवून बघतोय असं वाटतं.

आणि तुम्ही पाठवलेले फोटो मी नीट पाहिले. तुमच्या सगळ्या घागरींचा खांदा डाव्या बाजूला तांदळाभर खाली आहे. चाकाच्या वेगात ते झाकलं जायचं. वळ्यांनी घडवाल तेव्हा तो खांदा तसाच येतो का, ते मला कळवा. पहिली तीन भांडी भाजू नका, कच्चीच घेऊन या, आपण दोघी मिळून पाहू.